एकटीच? : दसरा ते कोजागिरी, नाणेघाट ते आहुपे

पहिला दिवस, दसरा : ठाणे – वैशाखरे – नाणेघाट – घाटघर

आमच्या घरी दसऱ्याला पाटावर हत्यारं मांडतात, म्हणजे पाना, पक्कड, विळी, शिलाई मशीनची कात्री. या वर्षी नवऱ्याने त्यांच्या शेजारी माझी चालायची काठी आणि हेडटॉर्च ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि सॅकच्या बकलात झेंडूचं फूल अडकवलं. नंतर तो हसत म्हणाला, "सीमोल्लंघन खरंच करतेयस, तर नीट कर."

खाली गेटपाशी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. त्यांनी सॅककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "ग्रुपबरोबर ना?" नाही म्हटल्यावर "एकटीच?" असं विचारलं, आणि त्या एका शब्दात माझं वय (एकोणपन्नास), माझे गुडघे, माझा संसार आणि पेपरातल्या बातम्या असं सगळं होतं. मी "हो" म्हणून रिक्षात बसले. चरईपासून स्टेशन चालत दहा मिनिटांवर आहे, पण अकरा किलोची सॅक घेऊन ठाण्यातल्या फुटपाथवर चालणं हे सह्याद्रीतल्या कुठल्याही वाटेपेक्षा अवघड, हे मी अनुभवाने सांगते.

एकटीने का, याचं उत्तर थोडक्यात देते. पंधरा वर्षं ग्रुपबरोबर फिरले. चाळीस माणसं, सारखे टी-शर्ट, पहाटे तीनला मुरबाड रोडवर चहा. मी कायम शेपटाला. आणि शेपटाला जो लीडर पोरगा असतो तो दर पाच मिनिटांनी म्हणतो, "चला काकू, येताय ना काकू." बिचारा काळजीनेच म्हणतो. पण एकदा पाठीमागून "काकू" ऐकू न येता डोंगर चालून बघायचा होता. नाणेघाट ते भीमाशंकर हा घाटमाथ्याचा पट्टा तुकड्या-तुकड्यांनी दोनदा झाला होता, म्हणून तोच निवडला. गावांची नावं आणि कुठे कधी पोचणार याचा कागद घरी फ्रिजवर लावला. रोज संध्याकाळी जिथे रेंज मिळेल तिथून एक मेसेज, आणि सलग दोन संध्याकाळी मेसेज आला नाही तर शोधायला निघायचं, असं ठरलं.

आश्विनातच का? पाण्यासाठी. पावसाळ्यात माथ्यावर धुकं आणि निसरडं, फेब्रुवारीनंतर ओढे कोरडे. दसरा ते दिवाळी या दिवसांत प्रत्येक खोंगळीत पाणी वाहतं, हवा स्वच्छ असते. उकाडा आणि गवत ही त्याची किंमत. गवताबद्दल मी कमी विचार केला होता, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

कल्याणहून जुन्नरकडे जाणारी एसटी मिळाली. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे माझ्या डोंगरखर्चात फार फरक पडलाय. मुरबाड, टोकावडे, वैशाखरे. पुढे माळशेज घाट लागायच्या आधी नाणेघाटाच्या फाट्यावर कंडक्टरने बेल मारली आणि तोच शब्द, "एकट्याच उतरताय?"

साडेदहाला चढायला लागले. ऑक्टोबरचं ऊन काय असतं ते पहिल्या अर्ध्या तासात कळतं. रान अजून हिरवंगार, पण वारा नाही, आणि पायाखालची ओल वाफ होऊन तोंडावर येते. वाट मात्र चुकायची सोय नाही. दोन हजार वर्षं माणसं, बैल आणि गाढवं चढून गेल्यामुळे तिची कड पक्की झाली आहे. खाली सोपारा, कल्याण ही बंदरं, वर जुन्नर आणि त्याच्या पलीकडे पैठण. मधली ही खिंड सातवाहनांनी बांधून काढली आणि तिच्यावर जकात घेतली. वर आजही दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत म्हणतात.

खिंडीच्या अलीकडे ती गुहा लागते. ग्रुपबरोबर आले तेव्हा हिच्यात डबे उघडून आम्ही जेवलो होतो आणि भिंतीकडे कुणी पाहिलंही नव्हतं. या वेळी अर्धा-पाऊण तास बसले. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत नागनिका राणीचा लेख आहे. पहिल्या सातकर्णीची ही बायको. अश्वमेध, राजसूय असे यज्ञ केले, त्यात इतक्या गायी दिल्या, इतके घोडे, इतके हत्ती, इतके कार्षापण (तेव्हाची नाणी), असा सगळा हिशेब तिने दगडात लिहून ठेवलाय. आकडे शब्दांत नाहीत, चिन्हांत आहेत. २, ४, ६, ७, ९ यांची भारतातली अतिशय जुनी रूपं दाखवताना अभ्यासक या भिंतीकडे बोट दाखवतात. शून्य नाही. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते, डोक्यावर प्रत्येकाचं नाव कोरलेलं. पुतळे गेले. पावलांच्या खुणा आणि नावं राहिली. घरखर्चाची वही गेली सव्वीस वर्षं मी लिहिते, त्यामुळे मला नागनिका जवळची वाटली, एवढंच.

माथ्यावर आले आणि समोर गाड्याच गाड्या. जुन्नरच्या बाजूने डांबरी रस्ता थेट इथवर येतो. सुट्टीचा दिवस, कणसं भाजणाऱ्यांच्या शेगड्या, नानाचा अंगठा म्हणतात त्या कड्यावर सेल्फीसाठी रांग. मागे ठाणे जिल्हा, पुढे पुणे जिल्हा. सीमोल्लंघन झालं ते एका मोटारीच्या हॉर्नच्या साक्षीने.

घाटघर तिथून तासाभराची चाल. मागच्या खेपेला ज्यांच्याकडे जेवलो होतो त्या मावशींच्या अंगणात सॅक टेकवली. त्यांनी पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "एकटीच का?" मी उत्तराची तयारी करत होते, की मला सवय आहे, घरी सांगून आलेय, वगैरे. तोवर त्या आत वळून सुनेला म्हणाल्या, "एकच हाय गं. अर्धं मापटं वाढीव टाक." त्यांना तांदूळ किती टाकायचा ते हवं होतं, बाकी काही नाही. माझी सगळी वाक्यं तोंडातच राहिली.

रात्री नाचणीची भाकरी, काळ्या वाटाण्याची आमटी, भात. जेवणाआधी घरातल्या लहानग्याने आपट्याचं पान हातावर ठेवून पाया पडला. "सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा." पान वहीत ठेवलं.

दुसरा दिवस, एकादशी : घाटघर – जीवधनचं पोट – आंबोली

सकाळी जीवधन किल्ला समोर उभा आणि त्याच्या कडेला वानरलिंगीचा सुळका. चढायचा मोह झाला. पण १८१८ मध्ये इंग्रजांनी याच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या, आणि त्या तुटक्या टप्प्यांवर अजून शेवाळ ओलं होतं. खाली कोणी दोर धरणारं असतं तर गेले असते. एकटीने फिरताना रोज एक तरी गोष्ट सोडून द्यावी लागते. आजची सकाळी सातलाच सुटली, बरं झालं.

मावशींचे दीर वाटेला लावायला आले. वाट विचारली की इकडची माणसं अंतर सांगत नाहीत, खुणा सांगतात. "हिरड्याची तीन झाडं लागतील, तिथनं डावीकडं. मग वढा. वढ्याच्या वर नका जाऊ, वढ्याच्या खाल्ल्या अंगानं जा." या भागात हिरड्याला फार किंमत. महादेव कोळी घरांमध्ये भातानंतरचा रोख पैसा यायचा तो बाळहिरड्याचा. झाडं जंगलात असली तरी कुठलं कुणाचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. मला मात्र हिरडा आणि बेहडा यांतला फरक फळ खाली पडल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे "हिरड्याची तीन झाडं" ही खूण माझ्यासाठी जवळपास निरुपयोगी होती. हे मी त्यांना सांगितलं नाही. इथे पहिली चूक झाली.

दुसरी चूक गवताची. आश्विनात माथ्यावरचं गवत कमरेइतकं, काही ठिकाणी खांद्याइतकं होतं आणि पिवळं पडायला लागतं. वर सोनकीची पिवळी फुलं, मधेच कुर्डूचे गुलाबी तुरे, दिसायला अतिशय सुंदर. आणि त्याच्या खाली वाट पूर्ण गडप. जी दिसते ती गुरांची. तासभर मी एका सुरेख मळलेल्या वाटेने चालले आणि ती एका डबक्यापाशी जाऊन संपली. डबक्यात एक म्हैस होती. तिने मान वर करून बघितलं. काही विचारलं नाही, हे तिचे उपकार.

फोनवर जुना ट्रॅक होता. तो दाखवत होता की खरी वाट माझ्यापासून फक्त चाळीस मीटरवर आहे. त्या चाळीस मीटरमध्ये एक घळ आहे, हे तो दाखवत नव्हता. कारवीच्या काठ्यांना धरून उतरायचा प्रयत्न केला. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि मरते, आणि मेलेली काठी जिवंत काठीसारखीच दिसते. हातात मोडून आली आणि मी चार फूट घसरले. काही झालं नाही. कोपर सोललं. पण बसून राहिले दहा मिनिटं, कारण तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की घोटा मुरगळला असता तर ओरडून उपयोग नव्हता.

मागे फिरले. शेवटची ओळखीची जागा गाठली आणि तिथून नीट बघायला सुरुवात केली. तिथे जे कळलं ते ग्रुपमध्ये पंधरा वर्षांत कळलं नव्हतं, कारण पुढच्याची सॅक बघत चालायचं असायचं. गुरांच्या वाटेवर फांद्या आपल्या छातीला लागतात, गुरं खालून जातात म्हणून. माणसाच्या वाटेवर डोक्याच्या उंचीपर्यंतच्या फांद्या कोयत्याने छाटलेल्या असतात. लाकडाच्या त्या तिरप्या छाटलेल्या टोकांवर नजर ठेवली की गवतात पाय कुठे पडतोय ते दिसलं नाही तरी चालतं. अर्थात काठी पुढे आपटत, जोरजोरात पाय टाकत. घोणस आवाजाने नाही, जमिनीच्या हादऱ्याने बाजूला होते. निदान मी तसं मानून चालत होते.

मग कुसळं. गवताची ही टोकदार बी मोज्यात शिरते आणि पाऊल टाकावं तशी आतच सरकते, बाहेर येत नाही. दुपारपर्यंत दोन्ही मोजे साळिंदरासारखे झाले. लोकांना स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही आणि दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात. ती म्हण करणाऱ्याने ऑक्टोबरात घाटमाथा चाललेला नसणार. कुसळ ही काही क्षुल्लक वस्तू नव्हे.

दाऱ्या घाटाच्या माथ्यावर पोचायला दुपारचे तीन वाजले. ठरवलं होतं साडेबाराला. कोकणातला वारा खालून सरळ तोंडावर आला, तेव्हा सकाळपासूनचा घाम एका मिनिटात गार झाला. या धारेवर बसलं की एक गंमत असते. बाटलीतलं पाणी पश्चिमेला ओतलं तर ते उल्हासाच्या खोऱ्यात उतरून खाडीला, म्हणजे आमच्याकडे. पूर्वेला ओतलं तर मीना, घोड, भीमा, कृष्णा करत थेट बंगालच्या उपसागराला. मी बाटलीतलं सगळं पिऊन टाकलं. दोन्ही समुद्रांना वाट बघू दे.

आंबोलीच्या वाटेवर भाताची खाचरं सोनेरी झालेली, अर्धी कापून आडवी पडलेली, आणि वरकस जमिनीत खुरासणीची पिवळीधमक फुलं. गावात पहिल्याच घरापाशी एक आजी वाळत घातलेलं काहीतरी गोळा करत होत्या. माझ्या मागे वाकून बघितलं, कोणी येतंय का. "येकटीच?" "हो आजी." "मंग बस की. उभी का?"

तिसरा दिवस : आंबोली – ढाकोबा

"दुपारच्या आत खाली ये. ढग तापलाय," आजी म्हणाल्या. आकाशात एकही ढग नव्हता. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, हवामानाचा अंदाज कोरडा आहे.

ढाकोबाची चढण दमवणारी पण सरळ. सुमारे चार हजार फुटांचा हा माथा. घाटावरच्या बाजूने नुसती गवताळ टेकडी वाटते. कड्याच्या टोकापर्यंत जाऊन पोटावर झोपून खाली डोकावलं तेव्हा पोटात गोळा आला. भिंत एकदम सरळ खाली मुरबाड तालुक्यात उतरते. खाली भाताच्या खाचरांची ठिगळं, पत्र्याची घरं, एक पांढरी रेघ म्हणजे रस्ता. उत्तरेला जीवधन, नाणेघाटाचा अंगठा, मागे हरिश्चंद्रगडाचं धूड. दक्षिणेला गोरख-मच्छिंद्रचे सुळके आणि सिद्धगड. पावसाळ्यात इथे आले होते तेव्हा हात पुढे केला तर हात दिसत नव्हता, आणि आम्ही सगळ्यांनी "काय व्ह्यू आहे" म्हणून फोटो काढले होते.

साडेबाराला पूर्वेकडे एक ढग उभा राहिला. फुलकोबीसारखा, कडा चकचकीत. एक वाजता त्याचा खालचा भाग शाईसारखा झाला. परतीचा पाऊस पश्चिमेकडून येत नाही, हे आपण शहरात विसरतो. तो दुपारी तापलेल्या जमिनीवर जागच्या जागी उगवतो. मी दुर्ग किल्ल्याच्या दिशेने निघाले होते, अर्धा तास चालूनही झाला होता. वीज चमकली. मोजलं : एक, दोन... पंधराव्या सेकंदाला आवाज. तीन सेकंदाला साधारण एक किलोमीटर, म्हणजे पाच. पुढची बाराव्या सेकंदाला. आणि मी उघड्या पठारावर, हातात धातूची काठी घेतलेली, आसपासची सगळ्यात उंच वस्तू.

धावले म्हणणार नाही, कारण गुडघे धावू देत नाहीत. पण झाडीतल्या ढाकोबाच्या देवळापर्यंत ज्या वेगाने आले तो बघायला "चला काकू" म्हणणारा पोरगा हवा होता.

पाऊस अडीच तास. पावसाळ्यातला नव्हे, हा रागावलेला पाऊस. वीज पडल्याचा आवाज दोनदा असा आला की देवळाच्या दगडातून तो पाठीत उतरला. उदबत्तीचा जुना वास, वाळलेले झेंडूचे हार, कोपऱ्यात नवरात्रातल्या घटाची पिवळी पडलेली रोपं. मी ढाकोबाला म्हटलं, राहू का आज इथंच? साडेचारला पाऊस थांबला तेव्हा दुर्गवाडीला अंधाराच्या आत पोचायची वेळ टळून गेलेली होती. छपराच्या वळचणीखाली भांडं लावून दोन लिटर पाणी जमवलं होतं. पोहे भिजवले, वर भडंग टाकलं, लाडू खाल्ला.

पाच दिवसांत खरोखर एकटी म्हणावी अशी ही एकच रात्र. तिच्याबद्दल लोक फार विचारतात, म्हणून खरं ते सांगते. बिबट्याची भीती वाटली नाही. घाटघरच्या मावशींचे दीर म्हणाले होते, "बिबटे आता जुन्नरखाली उसात गेले. इथं त्याला खायला काय हाय?" भीती वाटली ती एका आवाजाची. सरसर, थांबणं, सरसर. अर्धा तास मी टॉर्च बंद करून काठी धरून बसले. शेवटी टॉर्च लावला. एक खेकडा, हाताच्या पंजाएवढा, माझ्या पोह्याच्या पिशवीशी झटापट करत होता. पिशवी वर टांगली. तो मग बराच वेळ तिच्या खाली उभा होता.

दहाच्या सुमाराला आभाळ फाटलं आणि चंद्र आला, पौर्णिमेला दोनच दिवस कमी असलेला. कड्याकडच्या मोकळ्या जागेत गेले. पश्चिमेला क्षितिजावर एक नारिंगी धुरकट उजेड पसरलेला. कल्याण, भिवंडी, ठाणे. इतक्या लांबून आपलं शहर जळून विझत आल्यासारखं दिसतं. तिथे फोनला एक काडी रेंज आली. "देवळात आहे. सुखरूप. वादळ झालं." दोन मिनिटांनी उत्तर : "कुठलं वादळ? इथे दिवसभर रणरणतं ऊन. गच्चीवर पापड वाळवले."

चौथा दिवस : ढाकोबा – दुर्ग – हातवीज – आहुपे

धुऊन काढलेली सकाळ. दुर्गपर्यंत तीन तास, वाट सापडत गेली, छाटलेल्या फांद्या बघत. दुर्गादेवीच्या देवळात पाच मिनिटं टेकले.

दुर्गवाडीपाशी मात्र पाय थांबले. काल ज्या पावसाची मी रात्री बसून मजेदार गोष्ट करत होते, तो इथल्या कापून ठेवलेल्या भातावर पडला होता. आडव्या पेंढ्या पाण्यात. अख्खं गाव खाचरात उतरून त्या उचलून बांधावर उलटीपालटी करत होतं. ओल्या राहिल्या तर दाण्याला मोड येतो आणि पेंढा काळा पडतो, तो मग गुरंही खात नाहीत. मी सॅक उतरवली. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी नको म्हटलं नाही. तासभर पेंढ्या उचलल्या. माझ्या एका पेंढीला शेजारच्या बाईच्या तीन होत होत्या. ती मधेच म्हणाली, "ताई, मुठीत धरा, कवळ्यात नको. दाणं गळत्यात." मग जास्त काळजीपूर्वक, म्हणजे अजून हळू. निघताना तिने फडक्यात बांधलेली भाकरी आणि लसणाची चटणी दिली. मी त्यांच्या भाताचं नुकसान केलं की मदत, ते मला अजून नक्की ठरवता आलेलं नाही.

हातवीजनंतरची चाल लांब आणि कंटाळवाणी. डाव्या पायाच्या टाचेला फोड आला. ऊन पुन्हा तापलं. याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. आहुप्याच्या अलीकडे एका वळणावर पश्चिमेला सूर्य टेकलेला आणि पूर्वेला चतुर्दशीचा मोठा चंद्र वर आलेला, दोन्ही एकाच वेळी. माझ्या दोन सावल्या पडतात का ते बघितलं. एकच पडत होती.

पाचवा दिवस, कोजागिरी : आहुपे – खोपिवली – मुरबाड – ठाणे

फ्रिजवरच्या कागदाप्रमाणे मी आज कोंढवळच्या बाजूने भीमाशंकरला पोचून शिडी घाटाने खांडसला उतरायला हवं होतं. ढाकोबाच्या देवळाने आणि भाताच्या पेंढ्यांनी मिळून अर्धा-पाऊण दिवस खाल्ला, टाचेने उरलेला. ज्यांच्या घरी उतरले होते ते म्हणाले, "भीमाशंकर कुठं पळतंय? पण फोड फुटला तर रानात बसाल." पटलं. राहिलं ते राहिलं.

निघायच्या आधी गावच्या देवराईत गेले. भैरवनाथाचं रान. बाहेर कडक ऊन आणि दहा पावलं आत गेलं की संध्याकाळ. माणसाच्या मांडीएवढे वेल झाडांवरून खाली येऊन परत वर गेलेले. इथली वाळकी काटकीही घरी चुलीला नेत नाहीत. वर उंच फांद्यांवर काटक्यांचे गोळे दिसले, शेकरूची घरटी. शेकरू स्वतः दिसलं नाही, नुसता ओरडण्याचा खडखडाट ऐकू आला. मी दिसले असणार त्याला.

आहुपे घाट उतरायला दोघी जणी सोबत मिळाल्या. मुरबाडच्या अंगाला बहिणीकडे निघाल्या होत्या, डोक्यावर बोचकी, पायात साध्या स्लिपर. मोठीने विचारलं, "एकट्याच व्हय?" मी हो म्हटल्यावर ती म्हणाली, "चला मंग," आणि माझी काठी मागून घेऊन मला तिच्यापुढे घातलं. दोन वळणांनंतर मला कळलं की मला पुढे ठेवलंय ते माझ्या वेगाने उतरता यावं म्हणून. मागून एकदाही "चला" आलं नाही. त्या दोघी पूर्ण उतरणभर एका भावजयीबद्दल बोलत होत्या. भावजयीची बाजू मला जास्त पटत होती, पण विचारलं नाही कोणी.

उतरताना गोरखगडाचा सुळका जवळ येत येत डोक्यावर गेला. परवा ज्याच्याकडे वरून पाहिलं होतं त्याच्याकडे आता मान वर करून बघायचं. खोपिवलीला हापशावर डोकं भिजवलं. परत ठाणे जिल्हा. इथून म्हशापर्यंत जीप, बारा माणसं, दोन कोंबड्या, मांडीवर कोणाचं तरी बाळ. मुरबाडला एसटी, पुन्हा अर्धं तिकीट. कल्याणला लोकल. डब्यात एका बाईने माझ्या चिखलाच्या बुटांकडे बघून स्वतःची साडी वर घेतली, मग सरकून जागा दिली. "कुठून? माथेरान?" मी हो म्हटलं. सोपं पडतं.

घरी पोचले तर लिफ्टमध्ये कागद लावलेला : कोजागिरी, गच्चीवर, रात्री नऊ, भेळ आणि दूध. आंघोळ करून गेले. मोठ्या पातेल्यात दूध आटत होतं, वर चारोळी आणि केशर. चंद्र टाकीच्या मागून वर आलेला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी ग्लास हातात दिला आणि बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, "खरं सांग, रात्री भीती नाही वाटली?" मी त्यांना खेकड्याची गोष्ट सांगितली. त्या इतक्या हसल्या की दूध सांडलं. मग म्हणाल्या, "नाणेघाटाला गाडी जाते ना गं वरपर्यंत? माझे गुडघे..." जाते म्हटलं. गुहा थोडी खाली उतरून आहे, धरून नेईन.

खाली आले तर नवरा बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून बसला होता, पुढ्यात माझे मोजे, हातात भुवयांचा चिमटा.

"हे मशीनमध्ये टाकायचे नाहीत," तो म्हणाला. "मागच्या वेळची कुसळं अजून माझ्या बनियनमध्ये निघतात."

मी दुसरा मोजा घेऊन समोर बसले.